डावीकडचं पेडल

३ जानेवारी

रक्षा आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ते ठरलेलंच होतं. जावयाचं रामनगरला बियाण्यांचं दुकान हाय, त्यानं माझ्यासाठी ही नव्या वर्षाची डायरी धाडली. म्हटलं, मी हिच्यात काय लिहू, भाताचे भाव? रक्षा म्हणाली, "बाबा, जे आईला सांगवत न्हाई ते लिवा." पोरगी लहानपणापासून आगाऊच हाय.

तर लिहितो. आईला सांगवत न्हाई ते हे, की व्हॅनचा क्लच परत जळायला लागलाय.

आज हिला रामनगरहून घेऊन येताना कुंभारवाड्याच्या अलीकडच्या चढावर वास आला. कागद जळल्यावर येतो तसा, नाकात बसणारा. केशर मागून म्हणाली, "अवो, काय जळतंय?" म्हटलं, रानात कुणीतरी पाला पेटवलाय. धडधडीत खोटं बोललो. प्लेट दिवाळीच्या तोंडावर बदललेली हाय, आणि आत्ताच वास? वर डाव्या पायाखालून आवाज येतोय, किर्र, किर्र.

आमच्या वाडीत ही एकच गाडी. बस सकाळी एक आणि संध्याकाळी एक, तीही ड्रायव्हरच्या मनात आलं तर. अॅम्ब्युलन्सला फोन करायचा तर शाळेमागच्या टेकाडावर चढून रेंज शोधायची, मग ती तालुक्याच्या जोयड्याहून निघणार. म्हणून तर मी व्याह्यांसमोर छाती ठोकून सांगून आलोय, की माझ्या पोरीला दवाखान्यात मी स्वतः नेणार, कुणाच्या तोंडाकडं बघायची गरज न्हाई. डॉक्टरीणबाईंनी फेब्रुवारीचा शेवट सांगितलाय, म्हणजे उळवीची जत्रा आटोपल्यावर. तोवर गाडी ठणठणीत झाली पायजे. एवढंच माझं मागणं हाय.

६ जानेवारी

रामनगरला गुरुदासच्या गॅरेजात गेलो. गुरुदास माझा जुना मैतर. मी गाडी शिकलो तेव्हा शेजारी बसून शिव्या द्यायचा, आता गॅरेज टाकून शिव्या देतो.

त्यानं इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रलला घेतली. क्लचवर पाय नाही, तर आवाज नाही. पाय नुसता टेकवला की किर्र. दाबला की आणखी मोठ्यानं. "बेअरिंग," तो म्हणाला. मग हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. प्लेट चांगली असेल तर गाडी धक्का खाऊन तिथंच बंद पडायला पायजे. आमची बया बंदच पडेना, नुसती गुरगुरत बसली. "प्लेट बी गेली. झिलू, दिवाळीला घातलेली प्लेट रे! पाय क्लचवर ठेवून चालवतूस काय तू?"

माझं टाळकंच सटकलं. माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या ह्या घाटात गाडी चालवून, आणि हा मला पाय कुठं ठेवायचा शिकवतोय! म्हटलं, "तूच डुप्लिकेट माल घालतूस, आन वर माझ्या पायाची खोड काढतूस?" त्यानं हातातला पाना खाली आपटला आणि उळवीच्या देवाची शपथ घेतली. मग आम्ही दोघांनी गाल फुगवून चहा घेतला.

जुनी प्लेट काढली ती काळीठिक्कर. बेअरिंग निळं पडलेलं. नवीन बसवलं. निघताना म्हणतो, "आन पायात चप्पल तरी घाल की लेका, अनवाणी काय चालवतूस म्हाताऱ्या भटागत?"

ते मी जन्मात ऐकणार न्हाई. खळ्यावर मळणी चालू असताना चप्पल घालून कोण जातं का? ज्याच्यावर पोट भरतं त्याच्यावर चप्पल नको, हे आमच्या बापानं शिकवलेलं. व्हॅन आणली त्या दिवशी पहिली उळवीला नेली, हळदकुंकू लावलं, आणि तेव्हापासून पेडलला चप्पल लागलेली न्हाई. माणसांनी खुशाल बूट घालून बसावं, माझं माझ्यापुरतं.

९ जानेवारी

गाडी लोण्यासारखी चालतेय. आवाज बंद, वास बंद. गुरुदासनं ह्यावेळी असली माल घातला असणार. बोललो ते बरंच झालं.

संध्याकाळी ओट्यावर पाय सोडून बसलो होतो. केशर एकदम ओरडली, "अवो, ह्ये काय पायात?" बघतो तर डाव्या तळव्यात बांबूचं कूस, चांगलं करंगळीएवढं, आत घुसलेलं. सकाळी कुंपण बांधलं तेव्हाचं असणार. तिनं चिमट्यानं उपसलं. रक्षा तोंड वाकडं करून बघत होती. मी हूं की चूं केलं न्हाई. केशर म्हणाली, "दुकलं न्हाई तुमास्नी?" म्हटलं, हा कुळवाड्याचा पाय हाय, बाजारातला न्हाई. पोरीसमोर जरा रुबाब झाला.

तहान फार लागते हल्ली. थंडीत एवढी तहान म्हणजे नवलच. केशरच्या आमटीत मीठ जास्त पडतंय, पण तिला कोण सांगणार?

१४ जानेवारी

घाण झाली.

संक्रांतीची गर्दी म्हणून गाडी भरून निघालो. चढाला लागलो आणि परत तो वास. शांताबाई मास्तरीण पुढं बसली होती, तिनं नाकाला पदर लावला. इंजिन बोंबलतंय, गाडी पुढं सरकेना. शेवटी चार बापय गडी उतरले आणि ढकलत वर आले. वर पोचल्यावर एकजण म्हणाला, "झिलूमामा, आमी चालतच जातो आता, तुमची गाडी पेटल." सगळे हसले. मीही हसलो, पण आतून असं वाटलं की जमीन फाटावी आणि गाडीसकट आत जावं.

किर्र परत सुरू. पण एक नवलाची गोष्ट सापडली, ती लिहून ठेवतो. परत येताना रिकामी गाडी होती, सपाटीला. गुडघ्याला डास चावला म्हणून डावा पाय वर घेऊन खाजवला, तर आवाज गप्प! पाय खाली सोडला, परत किर्र. पुन्हा वर घेतला, गप्प. तीनदा करून बघितलं. म्हणजे आजार माझ्या ध्यानात आला. माझी सीट डावीकडं कलंडलीय. पाय वर घेतला की वजन उजवीकडं जातं, गाडीची पाठ सरळ होते आणि बेअरिंगवरचा भार कमी होतो. गुरुदासच्या बापाला हे कळलं नसतं.

१६ जानेवारी

सीटखाली डावीकडं सागवानी पाचर मारली. दिवसभर तासत होतो. केशर म्हणाली, "देवाचा पाट घडवताय काय?" रक्षा पोट धरून हसत होती. मी म्हटलं, हसू नको, मधीच बाळंत व्हशील.

पाचरीनं काही फरक पडला न्हाई. उलट वास वाढला. काढून टाकली.

आज सुमंगला येऊन गेली. ही आमच्या भागातली आशा कार्यकर्ती, पायी पायी वाड्या फिरते, रक्षाला तपासायला आठवड्याला येते. रक्षाचं सगळं ठीक हाय म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "मामा, बोट द्या. एक थेंब रगत. तुमी सारखं पाणी पिताय, मामी सांगत हुत्या." म्हटलं, "माझी साखर चहात हाय तेवढीच. आधी पोरीचं बघ." आणि गाडी धुवायला निघून गेलो. ह्या बायकांनी एकदा बोट धरलं की हात सोडवत न्हाई.

२३ जानेवारी

माझ्या बहिणीचा पोरगा वासू गोव्यातनं आलाय. तिथं टुरिस्टांची गाडी चालवतो. इकडं जत्रेआधी वाडीचा कच्चा रस्ता सारखा करायचं काम निघालंय, घरटी एक माणूस. मी फावडं घेतलं आणि चावी वासूला दिली.

तीन दिवस तो चालवतोय. आवाज न्हाई, वास न्हाई! काल तर भाताची पोती भरून चढ चढला, म्हणे दुसऱ्या गिअरमध्ये गाणं म्हणत आली गाडी. मी म्हटलं ना, नवीन बेअरिंगला बसायला वेळ लागतो. आता बसलं असणार. जीव भांड्यात पडला. रक्षाला म्हटलं, आता कधीबी सांग, गाडी तयार हाय.

२७ जानेवारी

काल रस्त्याचं काम संपलं. आज मी गाडी काढली. चढ यायच्या आधीच किर्र, आणि चढावर वास.

मी तरी काय समजायचं? इतके दिवस त्या पोराच्या हातात गाडी होती. घरी येऊन विचारलं, "वासू, काय केलंस गाडीला? क्लचची तार कुठं ओढलीस काय?" तो जेवत होता. ताटावरनं म्हणाला, "मामा, रागावू नकोस. सकाळी तुझ्या शेजारी बसून बगितलं मी. तू क्लच सोडतच न्हाईस. गिअर टाकलास तरी तुझा पाय तितंच ऱ्हातो."

"मी सोडतो."

"न्हाई सोडत, मामा. तुला वाटतं सोडलास."

मग मी बोलू नये ते बोललो. गोव्यात चार फिरंगी फिरवलेस म्हणून मामाला शिकवतोस काय, गाडी बिघडवून वर शहाणपण शिकवतोस काय. त्यानं ताट सरकवलं. तरी जाताना म्हणाला, "रक्षाक्काचं हुईपर्यंत मी ऱ्हातो. मी नेतो तिला." म्हटलं, तिला बाप हाय.

संध्याकाळच्या बसनं गेला. केशर माझ्याशी बोलत न्हाई. बोलत न्हाई म्हणजे भांडी बोलतायत, आदळआपट चाललीय. रक्षा आतल्या खोलीत. मी एकटाच गाडीत बसून इंजिन बंद ठेवून क्लच दाबला आणि सोडला, दाबला आणि सोडला. सोडतो की मी. मला काय कळत न्हाई काय?

२ फेब्रुवारी

विशेष काही न्हाई. चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं, समोरची पाटी धूसर दिसते. केशर बोलायला लागली, पण आमटी अजून खारट.

९ फेब्रुवारी

जत्रेचे दिवस. आज सबंध दिवस उळवीच्या खेपा. बेळगावकडचे, खानापूरचे, धारवाडचे कानडी लोक, सगळे आपापल्या बोलीत एकाच देवाला हाका मारतायत. काही जण बैलगाड्या घेऊन आलेत, रस्ता जाम, पहिल्या गिअरमध्ये मुंगीसारखं सरकायचं. व्हॅनचं इंजिन सीटखालीच, त्यामुळं पत्र्यावर भाकरी भाजावी इतका ताप. बाजूला बसलेला एक अज्जा सारखा पाय उचलत होता, "बिसी, बिसी" म्हणत, म्हणजे गरम हाय. मी म्हटलं, अज्जा, आमाला सवय हाय.

वास तर इतका की मागच्या बायका खिडकीतनं तोंड काढून बसल्या होत्या. तरी गाडी चालली. देवाचीच कृपा.

दुपारी पाणी प्यायला थांबलो तर क्लचच्या पेडलला तांबडं लागलेलं दिसलं. कुणा भक्ताच्या ताटातलं कुंकू सांडलं असणार. मी फडक्यानं पुसून कपाळाला लावलं.

१० फेब्रुवारी

सकाळी अंथरुणातनं उठलो तर घोंगडीला डाग. केशरनं माझा पाय हातात धरून उलटा केला आणि तोंडावर हात ठेवून मटकन खाली बसली. डाव्या तळव्याला, अंगठ्याच्या खाली, मोठा फोड येऊन फुटलेला. कातडी सोलवटलेली, आत लाल मांस. भाजल्याची जखम. गाडीच्या पत्र्यानं आणि पेडलनं भाजलेली. काल अख्खा दिवस मी तो पाय दाबत होतो.

म्हणजे ते कुंकू नव्हतं.

केशर रडत रडत शिव्या देत होती. "मेल्या माणसाला बी कळलं असतं वो! तुमास्नी कसं न्हाई कळलं?" खरंच कसं न्हाई कळलं?

रक्षानं पोट सांभाळत टेकाडावर जाऊन सुमंगलाला फोन केला. मी नको म्हणत होतो, ती गेलीच. सुमंगला आली, जखम धुतली, पट्टी बांधली. बोट टोचून साखर बघितली. मशीनवरचा आकडा तिनं मोठ्यानं वाचला न्हाई, केशरला नुसता दाखवला. मग मला म्हणाली, "मामा, डोळे मिटा. मी पायाला कुटं हात लावते ते सांगत चला."

मिटले. जरा वेळ गेला. ती म्हणाली, "सांगा की."

म्हटलं, "आधी लाव तरी."

मी डोळे उघडले. तिनं माझ्या डाव्या पायाची बोटं घट्ट मुठीत धरलेली होती. तिची नखं पांढरी पडली होती इतकं घट्ट. केशर भिंतीकडं तोंड करून उभी होती.

मी पायाकडं बघत राहिलो. माझाच पाय, आणि दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा दिसत होता. मग सुमंगलानं उजवा बघितला. तो अजून बरा हाय. डावा घोट्यापर्यंत गेलाय म्हणाली. साखरेनं नसा मारल्या, हळूहळू, म्हणून कळलं न्हाई.

ती गेल्यावर गाडीपाशी गेलो. आत चढलो न्हाई, बाहेर उभं राहून हातानं क्लचचं पेडल दाबून बघितलं. किती हलकं असतं ते. नुसतं बोट टेकवलं तरी खाली जातं. मग माझा एवढा जड पाय त्याच्यावर दिवसभर पडून राहिला तर काय होणार? गुरुदास बरोबर होता. वासू बरोबर होता. मी सोडतच नव्हतो.

गाडीत काही खोट नव्हती. माझ्यात होती. आणि ह्या पायानं मी शाळेची पोरं, म्हातारे, गरोदर बायका घाटातनं वरखाली नेल्या. देवा, कुणाला काही झालं असतं तर?

११ फेब्रुवारी

काठी घेऊन टेकाडावर गेलो. केशर म्हणाली मी जाते, म्हटलं, हा फोन मलाच करायला पायजे.

वासूला म्हटलं, "तू म्हणालास तेच खरं हाय. माझ्या पायात जीव न्हाई." तो म्हणाला, "मामा, मी परवा सकाळी पोचतो. तू गाडीला हात लावू नकोस." त्यानं एकदाबी 'बघ, मी म्हणालो हुतो' असं म्हटलं न्हाई. पोरगं सोन्यासारखं हाय, आणि मी त्याला जेवत्या ताटावरनं उठवलं.

गुरुदासलाबी फोन केला. तो म्हणाला, "मंग माझी शपथ खरी हुती की न्हाई?" आणि मग म्हणाला, "झिलू, तुझा पाय बरा हू दे रे." आणि फोन ठेवला.

चावी केशरकडं दिली. तिनं ती कमरेला खोचली. जत्रा झाली की जोयड्याला जाऊन पाय दाखवायचं ठरलंय. वासू परवा येणार, रक्षाला अजून पंधरवडा हाय. सगळं बेतशीर होईल.

१४ फेब्रुवारी. जोयडा, तालुक्याचा दवाखाना

बेतशीर काही झालं न्हाई. रक्षाच्या कपड्यांबरोबर केशरनं ही डायरी पण पिशवीत कोंबली होती, म्हणून खाटेवर बसून लिहितोय. आधी परवाचं लिहितो.

परवा दुपारी भात वाढत असतानाच रक्षाला कळा सुरू झाल्या. दिवसांच्या आधी. सुमंगला सुदैवानं शेजारच्याच वाडीत होती, पळत आली. तिनं बघून सांगितलं की थांबायला वेळ न्हाई, पोर आडवं वाटतंय, दवाखान्यातच पायजे. टेकाडावरनं अॅम्ब्युलन्सला फोन केला. ती जत्रेच्या गर्दीत अडकलेली. दुसरी जोयड्याहून निघते म्हणाले, पण इथपर्यंत यायला फार उशीर होणार, कुंभारवाड्यापर्यंत तुम्ही आणलंत तर वाट अर्धी होईल. वासू दुसऱ्या दिवशी सकाळी येणार. वाडीत गाडी चालवता येणारा दुसरा कुणी न्हाई.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी माझ्या पट्टी बांधलेल्या पायाकडं बघायला लागलो. म्हटलं, "मी न्हाई. माझ्या हातनं न्हाई हुणार. घाटात पाय कुटं हाय ते मला कळणार न्हाई." आयुष्यात पहिल्यांदा ह्या तोंडातनं हे निघालं. आतनं रक्षा ओरडली. तसलं ओरडणं मी कधी ऐकलं न्हाई.

केशर गोठ्यात गेली आणि बैलाचा कासरा घेऊन आली. माझ्यासमोर बसून तिनं तो माझ्या डाव्या घोट्याच्या वर, जिथं मला कळतं तिथं, गाठ मारून बांधला. म्हणाली, "दाबायचं तुमी बगा. सोडवायचं मी बगते."

अशी गाडी निघाली. मागं रक्षा, सुमंगलाच्या मांडीवर डोकं ठेवून. पुढं मी, आणि शेजारी केशर, कासऱ्याचं टोक हाताला गुंडाळून. मी गिअर टाकून "ओढ!" म्हणायचो, ती हिसका द्यायची, पाय पेडलवरनं बाजूला यायचा. पहिल्या वळणावर मी म्हणायला विसरलो. किर्र झालं मात्र, केशरनं असा हिसका दिला की माझा गुडघा स्टिअरिंगला आपटला. "जल्मभर बैल हाकले," ती म्हणाली, "आज नवरा हाकायची पाळी आली." मागनं रक्षा कळांमध्येच हसली, आणि हसता हसता परत ओरडली, "आई, ओढ! बाबा, नीट बगा पुडं!"

मला भीती वाटत होती. खरं लिहितो, इतकी भीती मला कधी वाटली न्हाई. हा रस्ता मला पाठ हाय, पण परवा एकेक वळण नवीन होतं. मी एकाही जागी घाई केली न्हाई. समोरनं जत्रेच्या बैलगाड्या आल्या, मी थांबून वाट दिली. चढावर दुसरा गिअर, केशरचा हिसका, आणि गाडी वर. वास न्हाई आला. जरासुद्धा न्हाई आला.

कुंभारवाड्याच्या अलीकडं समोरनं अॅम्ब्युलन्स दिसली. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. रक्षाला त्या गाडीत हलवलं. मी तिथंच बसून राहणार होतो, माझं काम झालं होतं. सुमंगलानं माझा दंड धरला. "तुमीबी चढा, मामा. पट्टीवर रगत आलंय." माझ्या पायाला तेव्हाबी कासरा बांधलेलाच होता. अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं तो बघितला आणि मला चढायला हात दिला.

ऑपरेशन करून मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत. काल सकाळी वासू आला, वाटेत चावीसकट उभी असलेली व्हॅन घेऊनच आला. आल्या आल्या माझ्या पायाशी बसला, मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मला बापयांच्या वॉर्डात ठेवलंय. जखम खोल हाय म्हणाले, साखर उतरली की कळेल. अंगठा जाईल की राहील ते अजून सांगत न्हाईत. गाडी परत चालवायची न्हाई, ते मात्र सांगितलं. ते मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. व्हॅन आता वासू चालवेल. त्याला म्हटलं, गोवा सोड आणि वाडीला ये, इथं लोकांना गाडीची गरज हाय. विचार करतो म्हणाला, म्हणजे येईल.

आज सकाळी मला चाकाच्या खुर्चीवरनं बायकांच्या वॉर्डात नेलं, नात बघायला. काळी सावळी, मुठी आवळलेली, डोळे बंद. तेवढ्यात नर्स आली, कसली तरी तपासणी म्हणून टाचेतनं रक्ताचा थेंब घ्यायचा होता. तिनं त्या एवढ्याशा पायाला सुई लावली मात्र, पोरीनं पाय झटकन वर ओढला आणि असं भोकाड पसरलं की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. रक्षा कळवळली. केशर नर्सवर खेकसली, हळू टोच की गं बाय, म्हणून.

आणि मी हसायला लागलो. मला थांबवताच येईना. हसता हसता डोळ्यांतनं घळाघळा पाणी यायला लागलं. "लागलं तिला," मी म्हणत सुटलो, "केशर, बग, लागलं तिला! कसा पाय ओढला बगितलंस?"

नर्सला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. केशर आधी चिडून बघत राहिली, मग तिला कळलं. तिनं पोरीचा पाय दुपट्यात गुंडाळला, तिला छातीशी घेतलं आणि माझ्या खुर्चीजवळ येऊन बसली. पोर हळूहळू गप्प झाली. केशरनं दुसरा हात माझ्या डाव्या पायावर ठेवला. मी खाली बघत होतो, म्हणून मला कळलं.